शांत सूर्याचं वर्ष

टाइपरायटरवर खोळ चढते तेव्हा कापडाची हलकी सळसळ होते. फोर्टातल्या विमा कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर ती सळसळ एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जाते आणि तुम्ही भानावर येता. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजलाय. घड्याळाखालच्या कॅलेंडरवर शनिवार, 19 डिसेंबर 1964.

तुमचं वय चौतीस. अंगात पांढरा बुशशर्ट, टेबलाखाली कापडी पिशवी. पिशवीत लेंगा, पंचा आणि कागदाच्या पुडीत अर्धा शेर काळ्या मनुका. मनुका मावशींनी पोस्टकार्ड लिहून मुद्दाम मागवल्यात. जिथून तुम्ही आलात ते जगही आठवतंय: समुद्रावरून गेलेला अटल सेतू, मोटारी पोटात घेऊन भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो, खिशात सतत थरथरणारा फोन. पण ते सगळं दूरच्या गावच्या बातमीसारखं. सांगायला तोंड उघडावं तर शब्द घशातच विरतात. तेव्हा सांगायच्या फंदात पडू नका. उठा. लाँच अडीचची आहे.

शनिवारी अर्धा दिवस, हे नीट ध्यानात घ्या. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा 1985 साली मिळेल आणि महाराष्ट्र सरकारच्या कारकुनाला त्यासाठी 2020 उजाडेल. आज तुमच्या वाट्याला आहे तो दीड दिवस. दीड दिवसाच्या गणपतीसारखा. आणला, मनापासून पुजला, पोचवला. म्हणून त्यातली दुपारची ही पहिली घटकासुद्धा कुणी वाया घालवत नाही. जिन्यावरून उतरणारे लोक बोलत नाहीत, नुसते उतरतात.

रस्त्यावर आल्यावर पाय सवयीनं ट्रामच्या थांब्याकडे वळतात आणि थबकतात. ट्राम यंदाच 31 मार्चच्या रात्री बंद झाली. रूळ काही ठिकाणी अजून रस्त्यात रुतलेले आहेत. तुम्ही बोरीबंदर गाठता, हार्बरची गाडी पकडून डॉकयार्ड रोडला उतरता आणि माझगावच्या बाजूनं पायीच धक्क्याकडे निघता. वास आधी येतो. सुक्या बोंबलांचा, डांबराचा, डिझेलचा, ओल्या सुंभाचा. एकोणिसाव्या शतकात लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांनी हा धक्का बांधला. लोक त्यांना भाऊ म्हणत, म्हणून हा भाऊचा. गावोगावच्या मुंबईकरांना या एका माणसाचं आडनाव ठाऊक नसतं, पण त्याला भाऊ म्हणायचं हक्कानं ठाऊक असतं.

‘‘अरे, हा आला बघ विमेवाला!’’

मास्तर आणि साहेब टोपल्यांच्या ढिगाआड सावली धरून उभे आहेत. मास्तर गिरगावातल्या शाळेत गणित शिकवतो. साहेब सचिवालयात कारकून आहे. नाव शाळेपासूनच पडलंय, कारण सहावीत असल्यापासून तो शर्टाची घडी मोडू देत नाही. तिघंही अलिबागच्या शाळेतले, 1947 चे मॅट्रिक. चौथा तिकडे वाट बघतोय. तो शनिवारी प्रवास करत नाही, म्हणून कालच रजा घेऊन गेला. माझगावच्या गोदीत फिटर आहे. शाळेत त्याला सगळे शनवार म्हणत, आणि त्यालाही ते आवडे. कारण त्याच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि त्या किनाऱ्यावर त्यांच्या समाजाचं नावच शनवार तेली. शनिवारी घाण्याला बैल न जुंपणारे. बेने इस्रायल हे नाव पुस्तकातलं. आळीत, बाजारात, शेतावर ते शनवार तेली.

मनात एक गोष्ट पक्की करून ठेवा. शनिवारची सुट्टी या किनाऱ्याला कचेऱ्यांनी शिकवली नाही. इथल्या घाण्यांनी ती कित्येक शतकं पाळली आहे.

लाँच लाकडी, वर ताडपत्री. मधोमध इंजिन, त्याची धडधड फळ्यांतून थेट दातांपर्यंत पोचते. सारंग शिडी ओढून घेतो. भरती पाऊणला पूर्ण झाली, पाणी आता कुठे उतरायला लागलंय. रेवसला पोचेपर्यंत धक्क्याला लागण्याइतकं खोल राहील. हा हिशोब मास्तरनं केलाय, पंचांगावरून. तिथीला तिनानं गुणायचं, चारानं भागायचं, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. आज मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा. एक त्रिक तीन, भागिले चार, पाऊण. शाळेत हे गणित शनवारनं शिकवलं होतं, मास्तरांच्याही मास्तरांना.

‘‘सकाळी चंद्र पाहिलास?’’ मास्तर विचारतो.

पाहिलात. पहाटे साडेसहाला ग्रहण लागलं आणि सात वाजून गेल्यावर चंद्र तसाच, एका बाजूनं कुरतडलेला, चौपाटीच्या बाजूला बुडाला. ग्रस्तास्त. ‘‘लागलेलं सुटताना दिसलंच नाही,’’ मास्तर म्हणतो. खग्रास होतं, पण ते आपल्याला दिसायच्या आधीच चंद्र गेला. गणिताच्या माणसाला अपुरं उदाहरण सोडवत नाही. तो अजून त्यातच आहे.

डिसेंबरचा समुद्र. वारा मतलई नाही की उपराही नाही, मधलाच. डाव्या हाताला घारापुरी, मागे तुर्भ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी अणुभट्टीचा घुमट. सायरस सुरू होऊन चार वर्षं झाली. त्या घुमटाकडे बघून साहेब दसऱ्याचा विषय काढतो. दसऱ्याच्या दिवशी, 15 ऑक्टोबरला, ब्रेबर्नवर ऑस्ट्रेलियाला दोन गडी राखून हरवलं. शेवटी बोर्डे आणि इंद्रजितसिंह होते. साहेब स्वतः ईस्ट स्टँडला होता, आणि त्या दिवशीचं सोनं त्यानं तिथेच अनोळखी माणसांना वाटलं. ‘‘आणि दुसऱ्या दिवशी चीननं बॉम्ब फोडला,’’ मास्तर म्हणतो. आपणही करावा की करू नये, यावर दोघांची जुंपते. नेहरू जाऊन सात महिने झालेत. वादात दोघंही ‘‘ते असते तर’’ म्हणतात आणि दोघांच्या वाक्याचा शेवट वेगळा होतो. तुम्ही शेंगदाण्याची पुडी उघडून मधे धरता. वाद खाण्यात मुरतो. तीस वर्षं या मैत्रीत हेच चाललंय.

मग एका क्षणी लाँचवरचं बोलणं कमी होतं. कुणी सांगितलेलं नसतं. बायका पदर सावरतात, एक म्हातारा टोपी काढून मांडीवर ठेवतो. काशाचा खडक जवळून चाललाय. 17 जुलै 1947, आषाढी अमावास्या. सकाळी याच धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ इथे बुडाली. सहाशेंहून जास्त माणसं गेली. या फळ्यांवर बसलेल्यांपैकी कुणाचा भाऊ, कुणाची आत्या त्या बोटीवर होती. मास्तरचा मामा होता. मास्तर पिशवीतून शेवंतीचं एक फूल काढतो आणि पाण्यात सोडतो. ते लाँचच्या मागच्या फेसात गिरकी घेतं, दिसेनासं होतं. काही वेळानं म्हातारा टोपी घालतो आणि शेजारच्याला भाताचा भाव विचारतो. इथे दुःखाला अशीच जागा करून दिलेली आहे, जाता-येता.

रेवसच्या धक्क्यावर एस.टी. उभी आहे आणि तिच्यात आधीच माणसांवर माणसं. काल दत्तजयंती झाली, चौलच्या टेकडीवरची यात्रा पाच दिवस चालते. टपावर बोचकी, आत पोरं, पिपाण्या, एका बाईच्या मांडीवर कोंबडा. कंडक्टर तिकिटाचे पैसे सांगताना अजून ‘नवे पैसे’ म्हणतो. सरकारनं जूनमध्येच ‘नवे’ काढून टाकलं, पण जिभेवरून ते इतक्या लवकर कुठे जायला. खिडकीतून भाताची कापलेली खाचरं, मधे वालाचे हिरवे पट्टे, पलीकडे कनकेश्वराचा डोंगर. साहेब उजवीकडे बोट करतो: त्या अंगाला सासवणे. पुण्याचा घोड्यावरचा शिवाजी घडवणारे विनायकराव करमरकर तिथे राहतात, अंगणात गावातली माणसं आणि म्हैस सिमेंटात उभी करतात. ‘‘एकदा जाऊ या रे तिकडे,’’ तो म्हणतो. तुम्हाला ठाऊक आहे की त्यांच्या हातात आता तीनही वर्षं नाहीत, 1967 च्या जूनमध्ये ते जातील. तुम्ही म्हणता, ‘‘याच महिन्यात जाऊ.’’ एवढं बोलता येतं.

अलिबागची इस्रायल आळी. सिनेगॉगच्या भिंतीवरून वळलात की तिसरं घर. दारात शनवार उभा आहे, धुतलेला सदरा, हात मागे. तो धावत येत नाही, हाकही मारत नाही. तुम्ही पायरीवर आलात की मात्र असा कवटाळतो की पिशवीतल्या मनुका चुरगळतात. दाराच्या उजव्या चौकटीला लहानशी नळी तिरकी ठोकलेली, तिच्यात हिब्रू वचनांचा चर्मपत्राचा तुकडा. येता-जाता तिला बोट लावून ओठांशी न्यायचं. लहानपणी तुम्ही तिघंही शनवारचं बघून तसं करायचात, आणि त्याच्या आईनं, मावशींनी, कधी हटकलं नाही. आजही बोट आपोआप वर जातं.

मावशी ओट्यावर बसल्यात. नऊवारी, गळ्यात काळी पोत, नाकात फुली. चूल थंड. काल संध्याकाळी लावलेला काचेचा दिवा आढ्यावरून लोंबतोय, खोबरेल तळाशी आलंय.

‘‘पोरांनो, वाईच थांबा. चहा लगेच नाय मिळायचा.’’

‘‘आम्हाला काय घाई, मावशी.’’

खरंच नाही. ही तासाभराची वाट बघणी तुमच्या आवडीची. चूल पेटवायची नाही, आग लावायची नाही, पैशाला हात लावायचा नाही. मग करायचं काय, तर बसायचं. तुम्ही ओटीवर पाय सोडून बसता. मास्तर, साहेब, शनवार, आणि शनवारची धाकटी बहीण, जी मुंबईत नर्स आहे आणि जिला सगळे वयानं लहान असूनही ताई म्हणतात. माडांच्या झावळ्यांत ऊन तांबूस होतं. कुणी काही विशेष बोलत नाही. मावशी भाताच्या किमतीबद्दल, शेजारच्या गायीबद्दल, कुणाच्या सुनेबद्दल एकेक वाक्य टाकतात आणि ते वाक्य बराच वेळ ओटीवर पडून राहतं, कुणीतरी उचलेपर्यंत. तुमच्या मूळच्या काळात अशी रिकामी घटका मिळवायला लोक पैसे मोजतात. इथे ती शुक्रवारच्या सूर्यास्ताला आपणहून दारात येते आणि शनिवारी तारे दिसेपर्यंत हलत नाही.

सहा वाजून पाच मिनिटांनी सूर्य जातो. मग सगळे अंगणात. तीन तारे दिसले पाहिजेत, मोठे नव्हेत, मधल्या मापाचे. ताई पहिला दाखवते. दुसरा मास्तर. तिसऱ्यासाठी माना मोडेपर्यंत सगळे वर बघतायत आणि पूर्वेला डोंगराआडून चंद्राचा उजेड फुटायला लागलाय, त्यामुळे घाई. ‘‘तो बघा, माडाच्या शेंड्याला लागून!’’ साहेब ओरडतो. साहेबाला तिसरा तारा मिळाल्याचा एवढा आनंद झालाय की सदऱ्याची घडी मोडल्याचं त्याच्या लक्षात नाही.

मावशी काडी ओढतात.

त्या काडीच्या आवाजानंतर घर जागं होतं. चूल, चहा, पाट्यावर खोबरं. सब्जाची डहाळी हातोहात फिरते, प्रत्येकानं हुंगायची, सरणाऱ्या पवित्र दिवसाचा वास नाकात ठेवायचा. जेवायला रावसाचं सार, नारळाच्या दुधातलं, आणि तांदळाच्या भाकरी. कोळंबी नाही, करंदी नाही, शिंपल्या नाहीत. खवलं नसलेला मासा या घरात येत नाही, आणि समुद्रकाठी राहून इतका कडक नेम पाळणाऱ्या या स्वयंपाकघराची चव तुम्ही जगात कुठेच खाल्ली नाही. चौथी भाकरी मावशी न विचारता वाढतात. ‘‘फोर्टात काय मिळत असंल,’’ एवढंच म्हणतात.

रात्री नऊला सगळे वाळूवर. चंद्र वर आलाय, पाणीही चढतंय. रात्री एकला पूर्ण भरती. कुलाब्याचा किल्ला समुद्रात काळा, कडेला पांढऱ्या रेघा. साहेबाचा ट्रान्झिस्टर कातडी पिशवीत बसून बातम्या सांगतो. त्यात नसलेली एक बातमी तुम्हाला माहीत आहे: दूर आग्नेयेला एक वादळ बाळसं धरतंय, आणि 22 डिसेंबरच्या रात्री ते धनुष्कोडी बुडवेल, पांबनची आगगाडी माणसांसकट ओढून नेईल. तुम्ही तोंड उघडता. शब्द विरतात. ताई विचारते, ‘‘काय झालं?’’ तुम्ही मान हलवता आणि वाळूत बोटं खुपसून बसून राहता.

मास्तरला ‘मत्स्यगंधा’ची पदं तोंडपाठ आहेत. मे महिन्यात नाटक आलं, अभिषेकीबुवांच्या चाली. त्यानं तीनदा पाहिलंय. तो गातो, गळा बेताचा, सूर सच्चा. पद संपलं की लाटेचा आवाज जास्त मोठा वाटतो. मग शनवार खिशातून पातळ निळं पाकीट काढतो. इस्रायलमधल्या अश्दोदहून मावसभावाचं पत्र. तिथे नवं बंदर बांधतायत, क्रेनवर फिटर हवेत. कागद झाले. जानेवारीच्या शेवटी निघायचं.

हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर आलात. तरी ते वाळूवर असं उघडं ठेवल्यावर कुणाला काही सुचत नाही.

‘‘आता त्यांनी ठराव केलाय ना,’’ साहेब म्हणतो. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेनं जाहीर केलं की बेने इस्रायल हे सर्व अर्थांनी ज्यूच आहेत. त्याआधी तिथल्या काही धर्मपंडितांनी लग्नाच्या बाबतीत शंका काढल्या होत्या, आणि इथून गेलेल्या माणसांना जेरुसलेममध्ये धरणं धरावं लागलं होतं.

‘‘आई काय म्हणाली माहितीय?’’ ताई सांगते. ‘‘म्हणाली, नवगावला आमचं जहाज फुटलं तेव्हापासून दर शुक्रवारी दिवा लावतोय, तो काय त्यांच्या ठरावाची वाट बघत?’’

नवगावचं जहाज म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली गोष्ट. जहाज खडकावर फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीचे नवगावच्या वाळूत पुरले. वाचलेल्यांनी तेल काढलं, शेती केली, गावांची आडनावं घेतली: किहीमकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर. सिनेमातले डेव्हिड ते चेऊलकरच. पोथ्या बुडाल्या होत्या. त्यांना प्रार्थनेतलं एक वाक्य, शनिवार आणि माशांची खवलं एवढं आठवत राहिलं. तेवढ्यावर त्यांनी धर्म टिकवला. मला वाटतं, या किनाऱ्यावर घडलेल्या मोठ्या गोष्टींत आरमाराच्या लढायांइतकीच ही मोठी आहे, आणि ती मराठीत घडली.

शनवार पत्रातली एक ओळ दोनदा वाचतो. मग म्हणतो, ‘‘भाऊ लिहितो, इथला समुद्र जागचा हलत नाही.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘भरती-ओहोटी नाही. असली तर वीतभर. सकाळी जिथं पाणी, संध्याकाळी तिथंच.’’

मास्तर गप्प होतो. उधाणाला पंधरा फूट चढणाऱ्या-उतरणाऱ्या पाण्याशेजारी वाढलेला माणूस. खेळायला कधी जायचं, जाळं कधी टाकायचं, कुणाला कधी निरोप द्यायचा हे ज्याच्या समुद्रानं ठरवलं. तो अशा पाण्याकाठी राहणार, जे कधी जात नाही. ‘‘तिथं तिथीचं गणित कुणाला शिकवणार रे तू?’’ मास्तर शेवटी विचारतो. शनवार हसतो, पण उत्तर देत नाही. पाणी पायाशी येतं. सगळे उठून चार हात मागे बसतात. थोड्या वेळानं पुन्हा येतं, पुन्हा मागे. एक वाजेपर्यंत तुम्ही असेच मागे-मागे सरकत, बोलत बसता. काय बोललात ते सकाळी धड आठवणार नाही. झोप मात्र अशी लागते की कूस बदलायची शुद्ध नाही.

रविवार. वद्य द्वितीया धरायची. दोन त्रिक सहा, भागिले चार, दीडला भरती, म्हणजे साडेसातला पूर्ण सुकती. पावणेसातला तुम्ही वाळूवर. समुद्र निघून गेलाय. जिथे रात्री बसला होतात तिथून किल्ल्याच्या दारापर्यंत ओला, काळा, चमकणारा रस्ता पडलाय, मधे कुठे घोटाभर, कुठे पोटरीभर पाणी. चपला हातात. वाळूवर लाटांच्या सुरकुत्या तळपायांना टोचतात. खेकडे भोकांत शिरतात. ताई पातळाचा ओचा खोचून सगळ्यांच्या पुढे.

शिवाजी महाराजांनी 1680 साली हा किल्ला उभारायला घेतला, आणि पुढे कान्होजी आंग्र्यांनी त्याला आरमाराचं घर केलं. तटाजवळ गेलात की हात लावून बघा: मोठाले चिरे नुसते एकावर एक रचलेत, मधे चुना नाही. लाट येते, फटींतून आत शिरते, जोर ओसरतो, परत जाते. फटी बुजवल्या असत्या तर समुद्रानं भिंत केव्हाच फोडली असती. 1721 च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून या भागावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. आत गणपतीचं देऊळ, पुष्करणी, आणि चारही बाजूंना खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर. शनवार बादली सोडतो, पाचही जण ओंजळीनं पितात. तो सगळ्यांत शेवटी पितो आणि सगळ्यांत जास्त वेळ.

उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत, यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्यात ओतलेल्या. तिथे फोटो. ताईकडे अग्फाचा क्लिक-थ्री, रोलमध्ये बारा फोटो, त्यातले सात संपलेले. म्हणून प्रत्येक फोटोवर चर्चा होते: उन्हाकडे तोंड की पाठ, साहेबाची घडी नीट आहे का, मास्तर डोळे मिटतो का. एकदा कळ दाबली की काय आलं ते दोन आठवड्यांनी कळणार. चौघांना तोफेपाशी उभं करून ताई मागे-मागे जाते. ‘‘हलू नका.’’ तुम्ही श्वास धरता. बाजूचा खांदा तुमच्या खांद्याला टेकलेला, गोदीतल्या ग्रीसचा वास अजून त्याच्या सदऱ्याला. टिक.

पाणी परतायच्या आत बाहेर. येताना वाटेवर चुंबकीय वेधशाळेचं आवार लागतं. मास्तर दर वेळी इथे थांबतो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेतली नाजूक यंत्रं त्या विजेनं बिघडतील हे दिसलं, आणि डॉ. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली 1904 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी इथे, लोखंडाचा अंश टाळून बांधलेल्या इमारतीत सुरू झाली. दोन वर्षं दोन्हीकडे मोजून ताळा जमवला, मग 1906 ला मुंबईची मोजणी थांबली. ‘‘ट्राम आली म्हणून हे इथे आलं. आता ट्राम गेली,’’ मास्तर म्हणतो. ‘‘आणि हे इथलंच झालं.’’ यंदा जगभरच्या वेधशाळा मिळून शांत सूर्याचं वर्ष पाळतायत. सूर्यावरचे डाग अगदी कमी झालेत, वादळं नाहीत, पृथ्वीच्या चुंबकसुईला धक्के नाहीत. असं दर अकरा वर्षांनी थोडा वेळ होतं. मास्तर हे फळ्यावर लिहिल्यासारखं हवेत बोटानं आखून सांगतो. शनवार कुंपणाच्या दगडावर हात ठेवून ऐकतो.

दुपारी मलिदा. गोड पोहे, गूळ, खोबरं, वेलदोडा, वर फळं. ताट भरून, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं. प्रवासाला निघणाऱ्यासाठी करतात. या लोकांची श्रद्धा आहे की एलियाहू हन्नाबीचा रथ इथे खंडाळ्याच्या खडकावर टेकून आकाशात गेला, चाकाची खूण अजून आहे. तुमच्या मनुका रात्रीच भिजल्यात, त्यांचं सरबत पेल्यात. हिब्रू प्रार्थना चालू असताना मावशी मधेच मराठीत काहीतरी पुटपुटतात. ते शब्द कुणाला ऐकू जात नाहीत, आणि कुणी विचारत नाही. जेवण उरकून मग केळीच्या पानात प्रत्येकाला वाटा बांधून देतात.

‘‘जानेवारीत वालाच्या शेंगा भरतील. तवा पोपटी लावू. या सगळे.’’

‘‘मावशी, जानेवारीत हा...’’

‘‘ह्यो नसंल. तुम्ही या की. मडकं येवढं मोठं, मी एकटी खाऊ काय?’’

रेवसला पोचवायला शनवार एस.टी.नं बरोबर येतो. आज यात्रेची गर्दी उलट्या दिशेला. चौघं मागच्या लांब बाकावर दाटीवाटीनं बसता, दप्तरं मांडीवर घेऊन बसायचात तसे. अश्दोदची पुढची चाळीस-पन्नास वर्षं तुम्हाला थोडी दिसतात: तिथल्या घरांतूनही मराठी बोललं जाईल, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक तिकडे निघेल, मलिद्याचं ताट तिथेही भरेल. ते तुम्ही त्याला सांगू पाहता. नेहमीसारखंच, जमत नाही. तुम्ही नुसता त्याचा हात धरून ठेवता. एरवी तो असा हात धरू देत नसे.

दीडची भरती झाली आहे, लाँच धक्क्याशी उंच उभी. तिघं चढता. सारंग दोर सोडतो. लाँच आणि दगडी धक्का यांच्यात आधी हातभर पाणी, मग वावभर, मग बोलायला ओरडावं लागेल इतकं. शनवार धक्क्याच्या टोकाला येऊन उभा राहिलाय. मास्तर दोन्ही हातांचा कर्णा करून इंजिनावरून ओरडतो:

‘‘पुढच्या शनिवारी! सप्तमी! सांग!’’

शनवार क्षणभर थांबतो. बोटांवर मोजतो. मग तिकडून आवाज येतो, अर्धा वाऱ्यानं नेलेला:

‘‘सात त्रिक एकवीस! सव्वापाचला भरती!’’

‘‘मग सुकती?’’

‘‘सव्वाअकराला! किल्ल्यात दुपारचं जेवण न्या!’’